इब्राहिमभाईंसाठी घोरपड पाहताना

आमच्या सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये एक कोपरा होता. एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट कापून उरलेले तुकडे तिथे पडायचे. "असू दे, कधीतरी लागेल" असं म्हणत कोणी ते फेकायचं नाही आणि ढीग आपला वाढतच जायचा. किस्स्यांचंही तसंच झालंय. बहारीन सोडून इतकी वर्षं झाली, तरी जुन्यांपैकी कोणी भेटलं की मी त्या ढिगात हात घालतो आणि दर वेळी हाताला घोरपडच लागते. "झालं! आले घोरपडीवर!" असं म्हणून आमची वसुधा चहा टाकायला उठते. आलो तर आलो! ज्यांनी घोरपड चार इंचांवरून पाहिलेली नाही, त्यांनी मला हसू नये.

गोष्ट नव्वदीच्या सुरवातीची. कुवेतचं युद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि हॉटेलांची कामं जोरात सुरू होती. आम्ही एअर कंडिशनिंगवाले. मी ड्राफ्ट्समन, म्हणजे डक्ट कागदावर काढणारा. देवधर सर्व्हिस इंजिनियर, मूळचा दादरचा, कुठल्याही विषयावर आधी फाईल उघडणारा. आणि इब्राहिमभाई परकार आमचे फोरमन, दापोलीकडचे. पत्र्याला नुसता अंगठा लावून त्याची जाडी सांगायचे! आमचा म्हातारा बहारीनी ड्रायव्हर अबू जासिम त्यांना "उस्ताद" म्हणायचा, आणि अबू जासिम कोणाला उगाच काही म्हणायचा नाही.

इब्राहिमभाईंच्या स्टुलाच्या वर, भिंतीच्या फळीवर, एक टेपरेकॉर्डर होता. त्या काळी गावाकडची माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. सुट्टीवरून परतणारा कोणीतरी ती घेऊन यायचा. इब्राहिमभाईंच्या बायकोची, जुबेदाभाभींची, कॅसेट आली की जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर लागायची. "ऐका रे, आमच्या घरचा रेडिओ!" भाभींना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांची कुठली कोंबडी खुडूक बसलीय हे आम्हाला तोंडपाठ असायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत भाभी गेल्या. दोन दिवसांच्या तापात! इब्राहिमभाई घरी पोचेपर्यंत दफनसुद्धा होऊन गेलं होतं. महिन्याभराने ते परत आले, आणि पाठोपाठ त्यांच्या गावचा एक जण सुट्टीवरून आला. तो व्हिसाच्या भानगडीत मुंबईला अडकला होता, त्याला बिचाऱ्याला काही कळलंच नव्हतं. हसत हसत वर्कशॉपमध्ये शिरला आणि म्हणाला, "भाई, भाभीनं कॅसेट दिलीय!"

इब्राहिमभाईंनी ती रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. लावली मात्र नाही. त्या दिवशी नाही, महिन्यानं नाही, तीन महिन्यांनी नाही. भाभींचं नाव तोंडातून काढीनात. कामापुरतं "धर", "काप", "सोड", बाकी बोलणं मफी, म्हणजे नाहीच. डबा तसाच परत जायचा. "हा माणूस हळूहळू बंद पडतोय," देवधर म्हणाला. देवधरचं निदान एरवी हमखास चुकायचं, पण या वेळी मला त्याच्याशी भांडता आलं नाही. खरं सांगतो, आम्ही घाबरलो होतो.

*

जूनमध्ये झल्लाकच्या एका हॉटेलवर माप घ्यायला निघालो होतो. अबू जासिम पिकअप चालवत होता, मधे मी, खिडकीशी इब्राहिमभाई. दोन्ही बाजूंना नुसती वाळू, बाहेर भट्टी पेटलेली. एकदम अबू जासिमने ब्रेक मारला.

रस्त्याच्या मधोमध घोरपड. वाळवंटातली, तिकडे तिला वरल म्हणतात. लांबट, वाळूच्याच रंगाची, अंगावर पट्टे. आमच्या गाडीसमोर ती पळाली नाही. मान उचलून तिने आमच्याकडे पाहिलं, आणि जशी आली होती तशाच चालीने रस्ता ओलांडून गेली. तिच्या पायाखालचं डांबर वितळत होतं आणि बाई चाललीय आरामात!

इब्राहिमभाई दार उघडून खाली उतरले. टोपी नाही, काही नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत त्या उन्हात उभे. मग गाडीत येऊन बसले आणि बोलायला लागले! म्हणाले, "आमच्या काजूच्या डोंगरात रग्गड. लगीन झालं त्याच उन्हाळ्यात मागल्या दारी एक आली. हिनं लाकूड उचललं मारायला. मी लाकूड धरलं, म्हटलं, मारायची नाय. दोन दिस अबोला! म्हणते, तुमाला बायकोपेक्षा घोरपड प्यारी!"

झल्लाक येईपर्यंत ते घोरपडीवरच बोलत होते. ती भिंतीला कशी चिकटते, मान कशी वळवते, जीभ कशी काढते. मी माप चुकीचं घेतलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा माणूस बोलला होता!

अबू जासिम एवढंच म्हणाला, "उस्ताद को वरल होना." म्हणजे उस्तादला घोरपड हवी.

*

त्या शुक्रवारी अदलियाला आमच्या घरी मीटिंग झाली. देवधर फाईल घेऊन आला. फाईलवर लिहिलं होतं, "पेट फॉर परकार".

"एकदम घोरपड कशाला?" मी म्हणालो. मला साध्या पालीची भीती वाटते. पाल दिसली की मी ड्रॉइंग बोर्डावर चढतो, हे अख्ख्या सलमाबादला माहीत होतं. "मांजर आणू, पोपट आणू."

देवधरने एकेक नाव खोडलं. मांजराने इब्राहिमभाईंचा रूममेट शिंकतो. पोपट ओरडणार आणि बाकीचे दोघे रात्रपाळी करून दिवसा झोपतात. कुत्रं कॅम्पमध्ये, म्हणजे कामगारांच्या वसाहतीत, चालणार नाही.

"मग मासे?"

"कोकणातल्या माणसासमोर मासा ठेवताय?" वसुधा आतून ओरडली. "त्यांना भूक लागेल हो!"

राहता राहिली घोरपड. ओरडत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही. आमची केतकी तेव्हा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. ती म्हणाली, "बाबा, यू आर द ओन्ली प्रॉब्लेम!"

*

शुक्रवारचा जनावरांचा बाजार भरायचा, तिथे आम्ही गेलो. वसुधाने ठेवणीतली साडी नेसली होती. "पाहायला जायचं तर नीट जावं," म्हणे. देवधरकडे प्रश्नांची यादी. इब्राहिमभाईंना "नुसतं बघू या" म्हणून आणलेलं.

पहिलं स्थळ पूर्वेकडच्या बेटांवरचं. पाच फूट लांब! काळी, अंगावर पिवळे ठिपके, शेपटीच माझ्या मनगटाएवढी जाड. आम्ही पिंजऱ्याजवळ गेलो आणि तिने शेपूट फिरवली. जाळीचा असा आवाज झाला की देवधरची यादी खाली पडली. कोणी हसलं नाही. इतकी ताकद आणि इतका शांत चेहरा! वसुधाने तर चक्क हात जोडले. "हिला आपण शोभणार नाही," ती म्हणाली.

दुसरी इथलीच, वाळवंटातून धरून आणलेली. कमरेला दोरी. फुस्स फुस्स करत होती. इब्राहिमभाईंनी दुकानदाराला सांगितलं, "इसको छोड दो. ये इधर की मालकीन है." दुकानदाराने ऐकलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी पाहिलं तर तो पिंजरा रिकामा होता, आणि आमच्या पिकअपच्या मागच्या भागात अंगुळभर वाळू. अबू जासिमला विचारलं तर तो आकाशाकडे बघून "इंशाल्ला" म्हणाला.

तिसरी आफ्रिकेतली. हातभर लांब, मळकट रंगाची, दिसायला काही खास नाही. देवधरने यादी काढली. वय काय, वजन किती, आधी कोणाला चावलीय का, पायाची बोटं सगळी आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का. मल्याळी दुकानदार वैतागला. "साब, शादी बनाने का है क्या?"

"जेवणाचं काय?" वसुधाने विचारलं.

"अंडा, कीमा, कॉक्रोच."

"झुरळं खाते?" वसुधा आमच्याकडे वळली. "हीच घ्या."

पण अबू जासिमने हात वर केला. त्याची परीक्षा वेगळी होती. म्हणाला, सगळे चूप उभे राहा. जी पळेल ती भित्री, जी झोपून राहील ती आजारी, जी बघेल ती चांगली.

आम्ही उभे राहिलो. तिने मान उचलली. डोकं जरासं तिरपं केलं आणि एका डोळ्याने एकेकाला पाहायला लागली. आधी देवधरला. मग वसुधाला. मला पाहिलं तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो याचं बरं वाटलं! शेवटी इब्राहिमभाई. तिथे ती थांबली. जाळीपाशी आली आणि लांब, दुभंगलेली, निळी जीभ काढून त्यांच्या बोटाला लावली. पत्र्याने कापून कापून निबर झालेलं ते बोट. एकदा लावली, परत लावली.

निळी जीभ हो! देवानं एवढ्या मळकट जनावराला आत निळी जीभ कशाला दिली असेल? माझ्या अंगावर काटा आला.

वसुधा माझ्या कानात म्हणाली, "मुलीकडून होकार आहे."

*

आता आमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घोडचूक.

वर्कशॉपमध्येच घोरपडीचं घर बांधायचं ठरलं. डक्टवाल्यांच्या हातात पत्रा, आणि मनात इब्राहिमभाई! आठ फुटी घर केलं. पुढे काच, आत वाळू, कोपऱ्यात लाकडाचा ओंडका. मी त्याचं रीतसर ड्रॉइंग काढलं, तीन बाजूंनी. आणि सगळ्यात मोठी मानाची गोष्ट म्हणजे खास तिच्यासाठी एक विंडो एसी! गल्फमध्ये माणसाला यापेक्षा मोठं काय देणार? बाहेर आमचे कामगार घामाने निथळतायत आणि घोरपड बावीस डिग्रीत. मी नारळ फोडला, इब्राहिमभाईंनी खजूर वाटले.

पहिल्या दिवशी ती ओंडक्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी हलली नाही. अंडं ठेवलं, खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे मिटलेले.

देवधरने फाईल पाहिली. "आफ्रिकेची आहे, तिला उकडत असणार," असं म्हणून त्याने एसी अठरावर आणला!

पाचव्या दिवशी तिला हात लावला तर थंडगार. इब्राहिमभाई काचेसमोर स्टूल घेऊन बसलेले. खिशावर हात. बोलणं परत बंद. मग एकदाच म्हणाले, "कर्वे, मी जवळ घेतो ते जातं रे."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिलो. माझ्या डोक्यात एकच. ही मेली तर हा माणूस संपला.

सकाळी नऊच्या सुमाराला अबू जासिम झल्लाकहून आला. त्याने काचेला हात लावला आणि चटकन मागे घेतला. एसीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, परत एसीकडे पाहिलं. "मफी मुख!" तो ओरडला. डोकं नाही तुम्हा लोकांना! "हादा मरीज नहीं, हादा बर्दान!" ती आजारी नाही, गारठलीय!

त्याने तिला दोन्ही हातांत उचललं आणि बाहेर अंगणातल्या वाळूवर ठेवलं. अर्धं अंग पत्र्याच्या सावलीत, अर्धं उन्हात. जुलैचं ऊन! "अरे, भाजेल ती!" देवधर धावला. अबू जासिमने त्याला हाताने अडवलं.

पाच मिनिटं काही नाही. मग तिचा रंग गडद व्हायला लागला. दहा मिनिटांनी गळ्याखालची कातडी हलली. एक डोळा उघडला. मग तिने पोट पसरून सपाट केलं आणि ऊन अक्षरशः पिऊन घेतलं. कटिंग मशीन बंद करून एकेक जण बाहेर आला. वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी. पुढचे पाय ताठ झाले. मागचे ताठ झाले. मान वर आली. निळी जीभ बाहेर आली!

"सुभानल्ला," इब्राहिमभाई म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

तिने तीन अंडी खाल्ली. कवचासकट.

देवधर मात्र दिवसभर डोक्याला हात लावून बसला होता. संध्याकाळी म्हणाला, "कर्वे, अठरा वर्षं सगळ्यांना गार करतोय रे. कोणाला ऊब लागत असेल, हे डोक्यातच आलं नाही!"

*

मग एसीचं काय केलं? काढला नाही. उलटा बसवला!

विंडो एसीचं तोंड गार असतं आणि पाठ गरम. पाठ घोरपडीच्या घराकडे केली आणि तोंड माझ्या ड्रॉइंग बोर्डाकडे. तिकडे ती गरम हवेत पसरलेली, इकडे मी गार हवेत. मधे फक्त एक मशीन. त्या उन्हाळ्यात मी जितकी ड्रॉइंग्ज काढली तितकी जन्मात काढली नसतील!

ती वाढली. वर्षाच्या आत हातभराची अडीच फूट झाली. दुपारी घराचं दार उघडं ठेवायचे. जेवणाची घंटा झाली की ती बाहेर यायची आणि वर्कशॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. सावकाश, डावीकडे बघत, उजवीकडे बघत, प्रत्येक मशीनपाशी थांबून जीभ लावत. लोक आपोआप बाजूला व्हायचे. इन्स्पेक्शनच ते! "मॅडम आल्या," असं कोणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं. शेवटी इब्राहिमभाईंच्या बुटांवर हनुवटी टेकून बसायची. ते तिच्याशी हळू आवाजात गावच्या बोलीत बोलायचे. काय ते आम्ही कधी ऐकायला गेलो नाही. डबा मात्र संपायला लागला होता.

*

कन्सल्टंटकडचा एक गोरा साहेब डक्ट तपासायला यायचा. भयंकर कडक. आमच्याकडे टेस्टची जुनी पद्धत. डक्टमध्ये दिवा लावायचा, बाहेर अंधार करायचा आणि कुठून उजेड फुटतो ते बघायचं. उजेड दिसला की डक्ट नापास.

त्या दिवशी मॅडम सापडत नव्हत्या. सगळीकडे शोधलं. तेवढ्यात साहेब आला. अंधार केला, आतला दिवा लावला, सांध्यांतून कुठे उजेड नाही. इब्राहिमभाईंचं काम, असणार कसा? मग साहेबाने आत डोकावून पाहिलं. आणि तसाच राहिला.

दिव्याशेजारी, छान उबेत, मॅडम! दिव्यामुळे डोळे दोन निखारे झालेले. साहेबाचं नाक आणि त्यांचं नाक यात वीतभर अंतर. जीभ बाहेर आली, साहेबाच्या नाकापर्यंत जाऊन आत गेली.

साहेबाने हळूच हेल्मेट काढलं. असं, चर्चमध्ये टोपी काढावी तसं. मग अगदी बारीक आवाजात मला विचारलं, "मिस्टर कर्वे, इज धिस इन द ड्रॉइंग?"

मी म्हणालो, "नो सर. ओन्ली इन द अॅज-बिल्ट!" म्हणजे काम झाल्यावर प्रत्यक्षात जे उभं राहिलं, त्याच्या ड्रॉइंगमध्ये.

त्याने सही केली. पुढच्या महिन्यात तो टेस्ट नसताना आला, येताना बायकोला घेऊन.

*

इब्राहिमभाईंना चार दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, साधं हर्नियाचं ऑपरेशन. मॅडमना आमच्याकडे आणायचं ठरलं. माझं मत कोणी विचारलं नाही. बाथरूममध्ये दिवा लावून व्यवस्था झाली. मी चार दिवस दाढी ऑफिसात केली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवाणखान्यात बसलो होतो आणि समोरच्या भिंतीवर, खालच्या अंगाला, पाल. मी सोफ्यावर उभा! केतकीला हाक मारतोय, वसुधाला हाक मारतोय, कोणी येईना. मॅडम आल्या. बाथरूमचं दार कोणी उघडं ठेवलं होतं देव जाणे. भिंतीखाली उभ्या राहिल्या, मागच्या दोन पायांवर उठल्या, शेपटीचा टेकू दिला. जमेल तितक्या उंच! मी सोफ्यावर आणि त्या समोर, डोळ्याला डोळा भिडवून. एक क्षण. खटकन आवाज झाला आणि पाल नव्हती.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी खाली उतरलो आणि वाकून नमस्कार केला. आयुष्यभर ज्या गोष्टीला घाबरलो, ती एका घासात गेली! केतकी दारातून पाहत होती. तिने तेव्हापासून कोणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही. आणि त्या दिवशी ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, अजून वाका."

*

जानेवारी संपत आला होता. भाभींना जाऊन वर्ष व्हायला आलं. जेवणाची सुट्टी. मॅडम आपली चक्कर संपवून इब्राहिमभाईंच्या बुटांवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. इब्राहिमभाईंनी डब्याचं झाकण लावलं, खिशात हात घातला आणि रुमाल बाहेर काढला.

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"देवधर," ते म्हणाले, "ही लागेल का बघ."

जवळजवळ वर्षभर खिशात! आमच्या उन्हाळ्यात, घामात! देवधरने कॅसेट हातात घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. टेप एका बाजूला सैल पडली होती. त्याने माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि एकेक दाता फिरवत टेप घट्ट केली. टेपरेकॉर्डर फळीवरून काढला, हेड स्पिरिटने पुसलं. हजार हजार टनांचे प्लँट चालू करणारा माणूस, पण बटण दाबण्याआधी त्याने ते दोनदा पुसलं. "भाई, तुटली तर मला माफ करा," तो म्हणाला.

खरखर. नुसतीच खरखर. मग लांब कुठेतरी कोंबडी ओरडली.

"अस्सलाम आलेकुम," जुबेदाभाभी म्हणाल्या. "मी बरी हाय."

तोच आवाज. जराही फरक नाही. कौलं फिरवून झाली. पिवळी कोंबडी परत खुडूक बसली. खोकल्याचं औषध घेता ना, की बाटली तशीच हाय? आम्ही हसलो, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. अबू जासिमला शब्दही कळत नव्हता, पण तो टोपी हातात घेऊन उभा होता. इब्राहिमभाई खाली बघत होते.

मॅडमनी हनुवटी उचलली. टेपरेकॉर्डर जमिनीवर होता, तिथपर्यंत त्या चालत गेल्या. जाळीला, जिथून आवाज येत होता तिथे, निळी जीभ लावली. मग पुढचे दोन्ही पाय त्याच्यावर ठेवून मान तिरकी केली आणि थांबल्या.

"आनि हां, सांगायचं ऱ्हायलंच," भाभी म्हणाल्या. "मागल्या दारी घोरपड आली हाय. चार दिस झाले, जात नाय. मी लाकूड उचललं नाय हां! तुमी वरडशाल. तिच्यासमोर एक अंडं ठेवलंय. खाल्लं तर बरं. बाजू संपत आली, आता बस करते."

खट.

मी देवधरकडे पाहिलं, देवधरने माझ्याकडे पाहिलं.

इब्राहिमभाई उठले. डबा परत उघडला, त्यातलं उकडलेलं अंडं काढलं, सोललं, आणि गुडघे टेकून मॅडमसमोर ठेवलं.

"घे," म्हणाले. "जुबेदानं ठेवलंय."